इसांडलवाना आणि रोर्क्स ड्रिफ्ट: एका दिवसात काय होतं आणि कुणाबरोबर जावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. लेकीकडे डर्बनला जायचं ठरलंय, बरोबर बाबा आहेत. वय 72, इतिहासाचे निवृत्त शिक्षक, गुडघे कुरकुरतात. डर्बनहून एका दिवसात इसांडलवाना आणि रोर्क्स ड्रिफ्ट ही झुलू युद्धाची (1879, ब्रिटिश विरुद्ध झुलू राज्य) ठिकाणं बघून होतात का? गाईड घ्यावा, की लेकीची गाडी काढून आपलं आपण जावं?

मी महाराष्ट्रातून दक्षिण आफ्रिकेला ग्रुप नेतो, बरीच वर्षं हेच काम करतोय. क्वाझुलू-नाताल, म्हणजे डर्बन ज्यात येतं तो प्रांत, हा माझा नेहमीचा पट्टा. मी स्वतः तिथला गाईड नाही. तिथे पैसे घेऊन माहिती सांगायची तर कायद्याने नोंदणी लागते, म्हणून रणभूमीवर मी स्थानिक गाईडच्या हाती सूत्रं देतो आणि मागे उभा राहून ऐकतो. त्यामुळे चांगला गाईड आणि पाठ केलेलं म्हणून दाखवणारा गाईड यांतला फरक मला पुरेपूर कळलाय.

उत्तर आधी सांगतो. एका दिवसात होतं, पण डर्बनहून निघून रात्री डर्बनला परतायचा हट्ट धरू नका. आणि पैसे कुठेही वाचवा, गाईडवर वाचवू नका.

डर्बनहून इसांडलवानाला एका बाजूने साडेतीन ते चार तास लागतात. शेवटचा टप्पा आडवळणाचा, काही ठिकाणी मातीचा, आणि गायी-शेळ्या रस्त्यात बसलेल्या. म्हणजे दिवसाचे आठ तास गाडीत गेले. वर अंधार पडल्यावर त्या रस्त्याने येणं मी तरी टाळतो. काही कंपन्या ही डे टूर विकतात, लोक जातातही, पण दुपारी दोन वाजता गाईड घड्याळ बघायला लागतो. त्यापेक्षा डंडी गावात किंवा रोर्क्स ड्रिफ्टच्या जवळपास आदल्या रात्री मुक्काम करा. डंडीहून रोर्क्स ड्रिफ्ट पाऊण-एक तासावर, आणि तिथून इसांडलवाना जेमतेम पंधरा किलोमीटर. सकाळी आठला निघालात की संध्याकाळी पाचपर्यंत दोन्ही ठिकाणं निवांत होतात. जोहान्सबर्गहून डे टूर करायची कल्पना कुणी सुचवली तर सरळ नाही म्हणा.

आता गाईड कशाला, ते सांगतो. इसांडलवानाला बघायला काहीच नाही. किल्ला नाही, बुरूज नाही, तटबंदी नाही. एक उंच, एकटा डोंगर, त्याच्या पायथ्याशी उताराचं गवताळ माळरान, आणि त्या गवतात इकडेतिकडे चुना फासलेले दगडांचे पांढरे ढीग. प्रत्येक ढिगाखाली माणसं पुरलेली आहेत. माहिती नसेल तर माणूस वीस मिनिटांत फोटो काढून गाडीत येऊन बसतो. आपले आपण गेलेले असे कितीतरी जण मी पाहिलेत. माहीत असेल तर तीन तासही पुरत नाहीत.

गाईड ठरवताना त्याला फोनवर किंवा ईमेलवर दोन प्रश्न विचारा. एक, हे युद्ध सुरू कसं झालं? दोन, 23 जानेवारी 1879 च्या सकाळी रोर्क्स ड्रिफ्टला जखमी झुलूंचं काय झालं? या दोन उत्तरांत माणूस कळतो.

पहिल्या प्रश्नाला ‘झुलू आक्रमक होते, त्यांच्याकडे मोठी फौज होती, सीमेवर तणाव होता’ असं मोघम उत्तर आलं तर पुढे जाऊ नका. खरं उत्तर एका माणसाच्या नावापासून सुरू होतं: सर बार्टल फ्रियर. आणि इथे तुमचे बाबा कान टवकारतील. हाच तो आपला फ्रियर. 1862 ते 1867 मुंबईचा गव्हर्नर होता, याच्याच कारकिर्दीत फोर्टची तटबंदी पाडली. फ्लोरा फाउंटनला आधी याचंच नाव द्यायचं घाटत होतं. आजचा पी. डिमेलो रोड पूर्वी फ्रियर रोड होता. त्याच्याही आधी तो साताऱ्याला रेसिडेंट होता. 1848 मध्ये शहाजी राजे, म्हणजे आप्पासाहेब, वारले तेव्हा त्यांनी घेतलेलं दत्तक मान्य करावं, राज्य खालसा करू नये, असं याच फ्रियरने वर कळवलं होतं. डलहौसीने ऐकलं नाही, सातारा खालसा झाला आणि त्याचा कारभार पुन्हा फ्रियरकडेच आला.

तीस वर्षांनी हाच माणूस दक्षिण आफ्रिकेत हायकमिशनर म्हणून बसला होता. तिथल्या ब्रिटिश वसाहती आणि बोअरांची (डच वंशाच्या गोऱ्या शेतकऱ्यांची) प्रजासत्ताकं एका छत्राखाली आणायची योजना होती, आणि स्वतंत्र झुलू राज्य तिच्या आड येत होतं. सीमेच्या वादावर नेमलेल्या आयोगाचा निवाडा मुख्यतः झुलूंच्या बाजूने गेला. फ्रियरने तो दाबून ठेवला आणि जाहीर केला तो निर्वाणीच्या खलित्याबरोबरच. 11 डिसेंबर 1878 ला तुगेला नदीच्या काठी एका अंजिराच्या झाडाखाली झुलू राजा सेटश्वायोच्या दूतांना तो वाचून दाखवला. मागण्या अशा की कुठलाही राजा मान्य करूच शकणार नाही: फौजेची व्यवस्था मोडून टाका, तरुणांना राजाच्या परवानगीशिवाय लग्न करू द्या, आणि राज्यात ब्रिटिश रेसिडेंट ठेवा. रेसिडेंट ठेवला की पुढे काय होतं ते साताऱ्यात बसून पाहिलेल्या माणसाने ही अट घातली, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. मुदत तीस दिवसांची. लंडनचं सरकार अफगाणिस्तानात गुंतलेलं, त्याला हे युद्ध नको होतं, पण संदेश पोचायला आठवडे लागायचे आणि फ्रियरने त्याचा पुरेपूर फायदा घेतला. 11 जानेवारीला ब्रिटिश सेनापती लॉर्ड चेम्सफर्डची फौज रोर्क्स ड्रिफ्टला नदी ओलांडून झुलू मुलखात शिरली.

हे सगळं जो गाईड पहिल्या पंधरा मिनिटांत सांगतो, तो आपला.

क्रम इसांडलवाना आधी, रोर्क्स ड्रिफ्ट नंतर असाच ठेवा. उलटा क्रम सोयीचा वाटतो, कारण डंडीहून येताना रोर्क्स ड्रिफ्ट आधी लागतं. पण दोन्ही लढाया एकाच दिवशी झाल्या, 22 जानेवारी 1879 ला. पहिली दुपारपर्यंत, दुसरी दुपारी साडेचारनंतर. तुम्हीही त्याच वेळा पाळल्यात तर ऊन ज्या बाजूला होतं त्याच बाजूला असतं आणि गोष्ट आपोआप उलगडते.

इसांडलवानाला गेलात की आधी डोंगराच्या पूर्वेच्या उतारावर उभे राहा. ब्रिटिशांचा तळ इथे पसरला होता. तळाभोवती गाड्यांचा कोट करावा, चर खणावेत, असं चेम्सफर्डच्याच लेखी सूचनांत होतं. केलं काहीच नाही. जमीन खडकाळ, गाड्या रसद आणायला परत पाठवायच्या होत्या, आणि झुलू असे उघड्यावर अंगावर येतील हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. 22 तारखेच्या पहाटे चेम्सफर्ड निम्मी फौज घेऊन झुलूंच्या मागावर आग्नेयेला मंगेनीकडे गेला. तळावर लेफ्टनंट कर्नल पुलेन. सकाळी साडेदहाच्या सुमाराला कर्नल डर्नफर्ड आपले घोडेस्वार घेऊन आला. तळावर एकूण सतराशेच्या वर माणसं.

झुलूंची मुख्य फौज, वीस हजारांच्या पुढे, उत्तरेकडच्या धारेपलीकडे न्ग्वेबेनी दरीत गप्प बसली होती. सेनापती न्त्शिंग्वायो कामाहोले आणि माव्हुमेंग्वाना. त्या दिवशी लढायचा त्यांचा बेत नव्हता. अमावास्या होती, आणि चंद्र मेलेला असताना शस्त्र उचलणं त्यांच्याकडेही अशुभ. पण डर्नफर्डच्या टेहळणीच्या घोडेस्वारांना दरीच्या काठावरून खाली बसलेली अख्खी फौज दिसली, आणि मग थांबणं शक्य नव्हतं. त्याच दुपारी अडीचच्या आसपास सूर्याला खंडग्रास ग्रहण लागलं. लढाई संपत आली होती, वर धुराने आधीच अंधारलेलं.

आमच्या ग्रुपमधून इथे एक प्रश्न हमखास येतो: म्हणजे गनिमी कावाच ना? नाही. दरीत दडून बसणं सोडलं तर हे सरळ उघड्या मैदानातलं वेढा घालून मारणं होतं. रचना शिंगं रोखलेल्या बैलासारखी: मध्ये छाती, तिने समोरून धडकायचं. दोन बाजूंना शिंगं, त्यांनी पळत जाऊन वेढा घालायचा. मागे कंबर, म्हणजे राखीव दल. उजवं शिंग डोंगराच्या मागून फिरून पश्चिमेच्या खिंडीत आलं आणि रोर्क्स ड्रिफ्टचा परतीचा रस्ता बंद झाला. डावं शिंग डर्नफर्डने एका ओढ्याच्या कोरड्या पात्रात बराच वेळ रोखलं. काडतुसं संपत आली तशी त्याला मागे यावं लागलं, आणि ब्रिटिशांची पातळ, नको तितकी लांब ताणलेली रांग उघडी पडली. काडतुसांच्या पेट्यांचे स्क्रू उघडले नाहीत म्हणून हरले, ही गोष्ट तुम्हाला कुणीतरी सांगेलच. आज बहुतेक अभ्यासक ती मानत नाहीत. रांग फार पुढे आणि फार विरळ होती, हे साधं कारण पुरेसं आहे.

एक झुलू गाईड हे कसं सांगतो ते बघण्यासारखं आहे. तो आधी काठीने मातीत शिंगं काढतो. मग प्रवाशांना हातभर अंतरावर रांगेत उभं करतो. मग प्रत्येकाला चार पावलं सरकायला सांगतो, मग आणखी चार. दोन माणसांमधून एक बकरी सहज निघून जाईल इतकी जागा झाली की काही बोलत नाही, फक्त काठी उत्तरेच्या धारेकडे करतो. नंतर आपल्या पणजोबाची पलटण कुठल्या बाजूने आली ते दाखवतो. झुलू फौज वयोगटांनुसार बांधलेली असायची, एका वयाचे तरुण एका पलटणीत. त्यामुळे पलटणीचं नाव घराण्यात टिकून राहतं.

तळावरची तेराशेच्या वर माणसं मारली गेली. त्यात गोरे शिपाई होते तसे ब्रिटिशांच्या नाताल वसाहतीचे काळे सैनिकही होते, चारशेहून अधिक, आणि त्यांचा उल्लेख गाळणारे गाईड अजून आहेत. झुलू हजाराच्या पुढे पडले, जखमी होऊन घरी जाऊन मेलेले वेगळेच. मेलेल्या शत्रूचं पोट चिरायची झुलूंची रीत होती. आत्मा अडकू नये, मारणाऱ्याला बाधा होऊ नये, ही त्यामागची भावना. ब्रिटिश वर्तमानपत्रांनी तेच क्रौर्य म्हणून छापलं. हे शांतपणे समजावून सांगणारा माणूस बरोबर हवा, नाहीतर लहान मुलांसमोर नुसता भयपट होतो.

खिंडीजवळ ब्रॉन्झची मोठी माळ दिसेल. शौर्य गाजवलेल्या योद्ध्याला मिळणाऱ्या माळेचं ते स्मारक, 1999 चं. त्याआधी एकशेवीस वर्षं या मैदानावर जी स्मारकं होती ती हरलेल्या बाजूचीच.

इथून जीव घेऊन पळालेले लोक ज्या वाटेने म्झिन्याथी नदीकडे गेले ती वाट पायी करता येते, पण ती दगडधोंड्यांची आहे आणि बाबांसाठी नाही. नदीजवळ पलटणीचं निशाण वाचवताना मेलेल्या मेल्विल आणि कॉगहिल या दोन अधिकाऱ्यांची कबर आहे. तरुण मंडळी असतील तर दुसऱ्या दिवशी करा.

जेवण आटोपून दुपारी रोर्क्स ड्रिफ्ट. इथे संग्रहालय आहे, चर्च आहे, जुन्या मिशनच्या आवारात विणकाम आणि मातीकामाचं केंद्र आहे, स्वच्छ स्वच्छतागृहं आहेत. जमीन सपाट. सगळ्यांना पहिला धक्का बसतो तो जागेच्या लहानपणाचा. बॅरिकेडची रेघ जमिनीत दगडांनी आखून दाखवली आहे आणि ती चालत जायला काही मिनिटं पुरतात. एवढ्याशा आवारात ब्रिटिश फौजेच्या दीडशेच्या आसपास माणसांनी मक्याची पोती आणि बिस्किटांच्या पेट्या रचून रात्रभर झुंज दिली. समोर झुलू तीन ते चार हजार, सकाळच्या लढाईत हात न लागलेलं राखीव दल. नदी ओलांडून नातालमध्ये शिरू नका, असं सेटश्वायोने बजावलं होतं. त्याचाच भाऊ दाबुलामांझी तरी शिरला. सतरा ब्रिटिश मेले. अकरा जणांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं.

गाईडला विचारायचा दुसरा प्रश्न इथला. सकाळी झुलू निघून गेले, चेम्सफर्डची उरलेली फौज आली, आणि आसपास पडलेल्या जखमी झुलूंना शोधून मारण्यात आलं. त्याच्या नोंदी ब्रिटिशांकडच्याच आहेत. जो गाईड पदकांपाशी गोष्ट संपवतो तो अर्धीच गोष्ट विकतो. खरं तर या लहान लढाईचा इतका गाजावाजा झाला तोच मुळी सकाळचा पराभव झाकायला सोयीचा म्हणून, असं माझं मत आहे. शिपायांच्या धैर्याबद्दल शंका नाही, पण पदकं वाटणाऱ्यांच्या घाईबद्दल आहे.

1964 चा ‘झुलू’ हा गाजलेला इंग्रजी चित्रपट बाबांनी पाहिला असेल तर आधीच सांगून ठेवा: त्यातले भव्य कडे इथे शोधू नका, चित्रीकरण ड्रॅकेन्सबर्गमध्ये झालं होतं. शेवटी झुलू सलामी देतात तेही घडलेलं नाही.

एक दिवस जास्त असेल तर? उलुंडी सुचवणार नाही, लांब पडतं. 4 जुलै 1879 ला तिथे राजधानी जाळली आणि राज्य संपलं, पण ते रोर्क्स ड्रिफ्टच्या आवारात बसून ऐकलं तरी चालतं. त्यापेक्षा परतीच्या वाटेवर लेडीस्मिथ आणि स्पिऑनकॉप करा. ते युद्ध वेगळं, ब्रिटिश विरुद्ध बोअर, जानेवारी 1900. गांधीजींच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या भारतीयांच्या रुग्णवाहक पथकाने, सुमारे अकराशे माणसांनी, त्या मोहिमेत जखमी वाहून नेले. पण झुलूंशी गांधीजींचा खरा संबंध आला तो 1906 मध्ये. बंबाथा या झुलू सरदाराच्या उठावात त्यांचं छोटं पथक सरकारच्या बाजूने गेलं, आणि वाट्याला काम आलं ते फटक्यांनी सोललेल्या झुलूंच्या जखमा धुण्याचं. गोरे त्या जखमांना हात लावायला तयार नव्हते. लढाई म्हणून जिला नाव दिलं ती माणसांची शिकार होती, हे त्यांना तिथे दिसलं. इतिहासाच्या शिक्षकाला हा धागा नक्की आवडेल. गाईडला आदल्या दिवशी सांगून ठेवा, म्हणजे तो तयारीने येईल.

काही बारीकसारीक. जून ते ऑगस्ट हवा कोरडी, आकाश स्वच्छ, गवत पिवळं आणि बुटकं, त्यामुळे जमिनीचे उतार नीट दिसतात. पहाटे मात्र कडाक्याची थंडी, स्वेटर-कानटोपी न्या. डिसेंबर-जानेवारीत हिरवंगार असतं, पण दुपारनंतर विजांचा पाऊस येतो आणि उघड्या माळावर आडोसा नाही. 22 जानेवारीच्या आसपास स्मरणाचे कार्यक्रम होतात, गर्दी असते, मुक्कामाची जागा मिळत नाही. डंडी आणि या दोन ठिकाणांच्या भागात मलेरियाची भीती नाही, पण पुढे उत्तरेच्या अभयारण्यांत जाणार असाल तर डॉक्टरांना विचारा. शाकाहारी असाल तर दुपारच्या जेवणाचं मुक्कामाच्या ठिकाणी आधी बोलून ठेवा आणि दशम्या-चटणी जवळ असू द्या. इसांडलवानाजवळ हॉटेल शोधत फिरायची सोय नाही. गाडीची टाकी डंडीतच भरून घ्या, थोडे रोख रँड ठेवा.

दगडांच्या ढिगांवर चढू नका, बसून फोटो काढू नका, आणि गवतात एखादं काडतूस, बटण दिसलं तरी उचलू नका. तो गुन्हा आहे. सापांसाठी बंद बूट घाला. मैदानाला लागून वस्ती आहे, माणसं भेटतील. ‘सावुबोना’ म्हणून नमस्कार करा, वयस्कर बाईला ‘गोगो’ म्हणा, बाबांच्या वयाच्या माणसाला ‘बाबा’च म्हणतात.

आता गुडघे. इसांडलवानाला गाडी डोंगराच्या पायथ्यापर्यंत जाते. गाईडला आधीच सांगा की एक जण फार चालणार नाही, घडीची खुर्ची आणि छत्री आणा. बरेच गाईड खुर्च्या आणतातच, कारण निम्मी टूर बसून ऐकायची असते. डोंगराच्या खांद्यावर वर एक दगडांचा ढीग दिसतो, शेवटपर्यंत लढलेल्या तुकडीचा. तिथे बाकीच्यांनी जाऊन यावं, बाबांनी खाली बसून बघावं. खालून अख्ख्या मैदानाचा अंदाज जास्त चांगला येतो. डर्नफर्डच्या ओढ्यापर्यंत गाडीने बरंच जवळ जाता येतं, मात्र पात्रात उतरायला लावू नका, कडा ढासळणारी आहे. टूर तुमच्या कुटुंबापुरती खाजगी घ्या. वीस जणांच्या बसमधून गेलात तर थांबायचं किती हे बाबांचे गुडघे ठरवणार नाहीत, ड्रायव्हर ठरवेल.